ठिपकेसरांचा रफार

संगणकाच्या पडद्याला जवळजवळ नाक लावून, घड्याळजीचं भिंग डोळ्याला अडकवून ठिपकेसर एकेका अक्षराचे ठिपके मोजत बसायचे. त्या वेळी हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नसे. परभणीत आमचा लहानसा कॉम्प्युटर क्लास होता. मी टायपिंग शिकवायचे, ते प्रोग्रॅमिंग. त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं.

डबा ते एकटेच खात. लग्न केलेलं नव्हतं. सणावारी आम्ही घरी बोलावलं तर "बघू" म्हणायचे आणि यायचे नाहीत. अक्षरांचा विषय निघाला तरच तोंड उघडायचं. "इंग्रजी अक्षर सुटं राहू शकतं, मॅडम. मराठीला शेजारी लागतो," असं एकदा म्हणाले, आणि परत भिंग लावून बसले.

त्यांची आई पोखर्णीला एकटी राहायची. तिला ऐकू येणं पूर्ण बंद झालं होतं, त्यामुळे फोन वाजलेला कळायचा नाही. शेळ्या सोडून परभणीला यायला ती तयार नव्हती. मात्र चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे मोठी अक्षरं तिला वाचता यायची. म्हणून सरांनी तिच्या स्वयंपाकघरात संगणकाचा एक जुना पडदा टांगला आणि त्याला काडेपेटीएवढा लहान, स्वस्तातला संगणक जोडला. त्याच्यावर बाजारातले प्रोग्रॅम चालेनात, तेव्हा पडद्यावर रेघा आणि अक्षरं काढणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच लिहिला. वर्ष गेलं त्यात. मग सर इथून मोबाइलवर ओळ लिहायचे आणि ती तिकडे चुलीसमोर उमटायची. "जेवलीस का." "शेळ्यांना पाला टाकलास का."

एका सकाळी त्यांनी लिहिलं, "अर्धी गोळी घे." रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी निम्मी करायला सांगितली होती. पण पडद्यावर रफार दिसलाच नाही. म्हातारीने वाचलं "अधी", आणि तिला वाटलं, पोरगं 'आधी' म्हणतंय. तिने जेवायच्या आधी, रिकाम्या पोटी, अख्खी गोळी घेतली. चक्कर येऊन ती अंगणात पडली. शेजारणीने उचललं, कपाळाला चार टाके पडले.

त्यानंतर तीन आठवडे सर त्या रफाराच्या मागे होते. तीन फॉन्ट बदलून पाहिले. अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्यात मावेना. क्लासमधल्या त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर मात्र तोच रफार ठसठशीत दिसायचा. मी म्हटलं, "सर, 'अर्धी'च्या जागी 'निम्मी' लिहा ना." ते म्हणाले, "आज 'अर्धी' टाळीन. उद्या 'सर्दी', परवा 'खर्च'. आईशी कोणते शब्द बोलायचे, हे त्या खोक्यानं ठरवायचं का?"

पुढच्या शनिवारी मी पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला निघाले, तर एसटीत सर भेटले. दर्शन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ऐकू येत नसल्यामुळे आई मोठ्यानं बोलायची. "बस पोरी, च्या ठिवते." कपाळावर टाक्यांची खूण अजून ताजी होती. सर पडद्याजवळ उभे राहून ठिपके तपासायला लागले. आईने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि चुलीपुढच्या स्वतःच्या पाटावर बसवलं.

"हितून बघ," ती म्हणाली. "आक्षर लय गोड हाय रे. पर वरचं पार अंधारात जायलंय."

सरांनी पाटावरूनच मान वर करून पडद्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यांना पांढरा पडदा टोचायचा, म्हणून त्यांनी इथे काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली होती. क्लासमधल्या पडद्यावर मात्र पांढऱ्यावर काळी.

"बारीक रेघ अर्ध्याच ठिपक्यावर येते, मॅडम," ते हळूच म्हणाले. "तिथं मी उजेडाचा आकडा निम्मा केला होता. आकडा निम्मा केला म्हणजे उजेड निम्मा होत नाही. पाचवा हिस्सा उरतो. पांढऱ्या पडद्यावर त्याच चुकीनं रेघ जाड होते, म्हणून मला दिसलं नाही."

चहा होईपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर दहाबारा ओळी बदलल्या आणि "अर्धी" लिहिलं. आईने वाचलं, "अर्धी." त्यांनी बोट दाखवून परत वाचायला लावलं. तिने तीनदा वाचलं आणि म्हणाली, "येड लागलं व्हय रे तुला?" सर हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

दोन वर्षांनी आई गेली. मी भेटायला पोखर्णीला गेले. शेळ्या विकून झाल्या होत्या. सर स्वयंपाकघरात बसले होते. पडदा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मी समोर बसले.

मग ते म्हणाले, "काल सगळ्या ओळी काढून वाचल्या. सगळ्या माझ्याच. जेव, झोप, गोळी घे. तिला काही सांगायचं असेल तर एक बटण लावायला हवं होतं. दाबलं की तिचं बोलणं मला इकडे ऐकू आलं असतं. दोन दिवसांचं काम होतं, मॅडम. तिला नीट दिसतंय का, एवढंच बघत बसलो."

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. क्लासला परत येणार का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. गाडी सुटली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि मी मागच्या काचेतून बघत होते तोवर तसेच उभे होते.