पाकिटावरचं काळीज

ये गो बाय, इकडे जवळ ये. आणि ते तळणीचं तेल कशाला गाळत्येस? ठेव ती गाळणी. एवढी शिकलेली तू, आणि करत्येस माझंच! बहिणीची लेक म्हणून बोलते हो, राग मानू नको.

गाळायला तुला मीच शिकवलं ना. मासे तळले की उरलेलं तेल डब्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी त्यातच तळायचं, कमी झालं की वरून ताजं घालायचं. तो डबा कधी रिकामा म्हणून झाला नाही. घाण्यावरून आणलेलं घरच्या खोबऱ्याचं तेल होतं, तोवर निदान जपून तरी वापरायची.

तुझ्या काकांचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, खोबरेल कमी करा. मी ते बंदच केलं आणि पाकिटाचं आणलं. त्यावर लाल काळीज काढलेलं, ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं लिहिलेलं. मला वाटलं, हे म्हणजे औषधच! हात सैल सुटला. रोज बांगडा, नाहीतर सुरमई. काका ताटावरून म्हणायचे, “आता कसला कंजूषपणा गो? काळीज आहे ना पाकिटावर? वाढ आणखी एक तुकडी!” मी हसत वाढायची.

एका सकाळी पडवीत चहा पिताना छातीला हात लावून वाकले. रत्नागिरीला न्यायला निघालो, हातखंब्यापर्यंत पोचलो. तिथेच, गाडीत गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर तो डबाच पिशवीत घालून डॉक्टरणीकडे गेले. विचारलं, “ह्याने गेले का हो?” तिने झाकण उघडून ते काळं, चिकट तेल बघितलं.

“आजी, एवढ्यानेच माणूस जात नाही. तंबाखू होती, रक्तदाब होता. पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल वाईटच, मग ते कुठलंही असो. आणि कोलेस्टेरॉल म्हणाल तर झाडापासून काढलेल्या कुठल्याच तेलात ते नसतं. पण नाही म्हणून ते वाट्टेल तेवढं खायचं नसतं.”

माझी समजूत काढत होती बिचारी. पण वाढणारा हात माझा होता ना, बाय.

सकाळी तू सहज बोलून गेलीस, नवऱ्याला हल्ली जिना चढताना दम लागतो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. “बघू सुट्टीत” म्हणू नको, घरी पोचलीस की आधी त्याला दाखव. मग दोघं या. तळणार नाही काही, पातळ कालवण नि भात करीन. एकटीसाठी गॅस पेटवायचंही मन होत नाही गो. लवकर या.