ऑरिन पिंडरच्या सासूबाई

ऑरिन पिंडर माझा शेजारी. माणूस चांगला, पण हट्टी. अंगणात शेवंडी पकडायचे पिंजरे रचलेले, बोट उलटी करून ठेवलेली, आणि त्या सगळ्यात खुर्ची टाकून हा सत्याहत्तर वर्षांचा गडी फुटके पिंजरे ठोकत बसलेला. समुद्रावर जाणं त्यानं गुडघ्यांमुळे सोडलं, माणसांशी बोलणं बायको गेल्यावर सोडलं. माझ्याशी बोलतो, कारण मी कुंपणावरून ओरडते आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही.

त्याची बायको व्हर्ना ही मिसेस क्लॉडीन लोव यांची एकुलती एक मुलगी. क्लॉडीनबाईंना मी पाहिलेलं आहे. बाई उंचीला बेताची, पण चर्चमध्ये मागच्या बाकावरून बघायला लागली की पुढच्या बाकावरच्या माणसाची मान खाजायची. ऑरिन चाळीस वर्षं या बाईंच्या हाताखाली नांदला, म्हणजे अक्षरशः नांदला, आणि एकदाही उलटून बोलला नाही. बाई वारल्या, मग काही वर्षांनी व्हर्नाही गेली. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक हरिणी त्याच्या अंगणात आली, चिकूच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की हा खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ॲडेलबाई," तो मला कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाला, "सासूबाई परत आल्या."

तेव्हापासून ती सासूबाईच. पुढच्या वर्षी तिला पाडस झालं, नर, तर तो ओघानंच मेव्हणा झाला.

आमची हरणं मोठ्या कुत्र्याएवढी असतात. खेळण्यातली वाटतात, आणि हाच त्यांचा घात आहे. फ्लोरिडाच्या शेपटाला लागलेली ही आमची चार बेटं सोडली तर जगाच्या पाठीवर ती कुठेही नाहीत. ऑरिनच्या आजोबांच्या पिढीनं ती मारून खाल्ली, पार मूठभर उरेपर्यंत. मग कायदा आला, रान राखीव झालं आणि हरणं सावरली. आता त्यांना बंदुकीनं कुणी मारत नाही. आता मारतो तो रस्ता. बेटांवरून जाणारा हायवे एकच; उत्तरेला पाइनचं रान, दक्षिणेला आमची घरं. काही मैल कुंपण आहे, हरणांसाठी रस्त्याखालून बोगदाही आहे. पण आमच्या घरांपाशी कुंपण संपतं आणि ऑरिनचा चिकू सुरू होतो.

हरणांना खायला घालणं गुन्हा आहे, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यांतली निम्मी मीच शिकवलेली. हाताला चटावलेलं हरीण माणसाला भीत नाही, माणसाला न भिणारं गाडीला भीत नाही, आणि पुढचं सांगायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. राखीव रानाची अधिकारी इराइदा हे समजवायला ऑरिनकडे वर्षातून दोनदा यायची. मी कुंपणापाशी फुलझाडांना पाणी घालत असायचे. गरज नसली तरी घालायचे.

"कॅप्टन पिंडर, तुम्ही हरणांना चिकू घालता."

"मी? मी पिंजरे ठोकतो. चिकू झाडाचे आहेत. झाडाला पिकतात, खाली पडतात. तुमच्या सरकारला सांगा, वस्तू वर पडायचा कायदा काढा."

"झाड हलवतं कोण?"

"वारा."

"रोज संध्याकाळी कॉफीच्या वेळेलाच?"

"इथला वारा शिस्तीचा आहे, बाई."

इराइदा हसायची. ती क्यूबन आजीच्या हातची वाढलेली, म्हाताऱ्यांशी भांडून काय मिळतं हे तिला ठाऊक होतं. ती गेली की ऑरिन झाडाला खांदा लावायचा. सासूबाई चिकू खायच्या, बिया थुंकायच्या आणि त्याच्याकडे बघून नाक उडवायच्या. "मीठ कमी आहे म्हणतात," असं तो मला सांगायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारं कदाचित तेवढंच एक वाक्य.

मग या वर्षी सासूबाईंना मुलगी झाली. अंगणातच. पिंजऱ्यांच्या आडोशाला, मांजरीएवढी, पाठीवर पांढरे ठिपके. आणि ऑरिननं जे केलं ते आमच्या बेटांवरचा माणूसच करू जाणे.

आमच्याकडे घरात मूल जन्मलं की दारापुढे काठी रोवून तिच्यावर शंख अडकवायची जुनी रीत आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं, घरात बाळ आलंय. आता हॉस्पिटलांमुळे आणि फोनमुळे ती मागे पडली आहे. ऑरिन आणि व्हर्नाच्या दारापुढे ती काठी कधीच लागली नव्हती. तर या गृहस्थानं बापाचा शंख काढला, जुन्या काळी बोटीवर वाजवायचे तो, टोक कापलेला, आतून गुलाबी. पुसला, आणि हायवेच्या अंगाला काठी रोवून वर अडकवून ठेवला.

संध्याकाळपर्यंत मेथडिस्ट चर्चच्या सगळ्या बाया दारात. एकीनं मॅकरोनीचं भांडं आणलं, एकीनं विणलेलं टोपडं.

"कुणाला झालं रे ऑरिन? भाचीला का?"

"सासूबाईंना," ऑरिन म्हणाला.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं. मॅकरोनी परत न्यायची कुणाची छाती झाली नाही, त्यामुळे ती आम्ही दोघांनी चार दिवस खाल्ली. टोपडं त्यानं ठेवून घेतलं.

"पोरीचं नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.

"नाही ठेवलं."

सासूबाईंची मुलगी म्हणजे नात्यानं त्याची कोण, हे मला तेव्हा सुचलं. जीभ आवरायची मला सवय नाही, पण त्या दिवशी आवरली.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण शंख रस्त्यावरून दिसतो. त्यात चर्चमधल्या कुणीतरी फोटो काढला, टोपड्याशेजारी पाडसाचा, आणि तो फोटो कुठून कुठे गेला देव जाणे. आठवड्याभरात पर्यटकांच्या गाड्या काठीपाशी थांबायला लागल्या. "ते शंखवालं घर हेच का?" गाडीची काच खाली आली की वेफर्सची पुडी बाहेर यायची. सासूबाईंनी दोन दिवस लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाड्याच्या एका मोटारीत खिडकीतून तोंड घातलं आणि एका बाईच्या मांडीवरचं सँडविच उचललं. बाई आनंदानं किंचाळली. मेव्हण्याला तर हा धंदाच झाला. शिंगांना नुकते दोन फाटे फुटलेले, अंगात मस्ती; गाडीचा आवाज आला की रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहायचा, नाक्यावरच्या हवालदारासारखा.

"काठी काढ, ऑरिन," मी रोज सांगत होते.

"लोक आनंदानं येतात. तुम्हाला काय त्रास?"

"हरणांना कुणी वेफर्स देतं का? मरतील ती."

"सासूबाईंना चालतात. खारट आवडतं त्यांना."

जूनमध्ये एका सकाळी मेव्हणा हायवेवर मरून पडला होता. ट्रक होता म्हणतात, थांबलासुद्धा नाही. ऑरिननं त्याला एकट्यानं ओढून कडेला आणलं, त्या गुडघ्यांनी. इराइदा आली, पंचनामा केला, त्याला एक शब्द बोलली नाही. मी बोलले.

"ट्रकवाला कुठल्या गावचा ते मला माहीत नाही. पण मेव्हण्याला रस्त्याच्या मधे उभं राहायला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे."

त्यानं काठी उपटली, शंख उतरवला आणि घरात गेला. मला वाटलं, आता हा माझ्याशीही बोलायचा बंद होणार.

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर होता. झाडावरचे सगळे चिकू तोडले, पिकले, कच्चे, अर्धे कच्चे, आणि टोपल्या भरभरून बेटावर वाटले. नाही म्हणायची सोय नव्हती. कच्च्या चिकूच्या चिकानं लोकांची तोंडं अशी चिकटली की त्या रविवारी चर्चमध्ये कोरस नीट झाला नाही. पण सासूबाई यायच्या थांबल्या नाहीत. मुलगी मागे, या पुढे, रोज रस्ता ओलांडून. पर्यटकांची सवय काठीबरोबर जात नाही, आणि सासूबाईंची तर कशानंच जात नाही. झाडाखाली येऊन उभ्या राहायच्या आणि ऑरिनकडे बघायच्या: हे काय, आज स्वयंपाक नाही?

"हाकला तिला," इराइदा म्हणाली. "नुसतं हुश्श केल्यानं नाही होणार, कॅप्टन. तिला तुमची भीती वाटली पाहिजे. पुन्हा इकडे पाऊल टाकायला नको. नाहीतर या हिवाळ्यात, पर्यटकांच्या मोसमात, त्या दोघींनाही मीच उचलून नेईन, आणि जिवंत नाही."

ऑरिननं प्रयत्न केला. मी साक्षीला होते. तो झाडापाशी गेला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सासूबाई, तुम्ही आता... म्हणजे तुमची इच्छा असेल तर..." सासूबाईंनी कान हलवला. हा दोन पावलं मागे आला.

"अरे, हे काय?" मी ओरडले. "हरीण आहे ते! शिव्या दे!"

"मला नाही जमत. त्या अशा बघतात."

"चाळीस वर्षांत एकदा तरी मनात आलं असेल ना तुझ्या?"

"मनात?" तो म्हणाला. "ॲडेलबाई, मनात रोज."

"मग ते काढ बाहेर."

शनिवारची संध्याकाळ ठरली. रस्त्याच्या एका बाजूला इराइदा तिची गाडी आडवी लावून गाड्या थांबवणार, दुसऱ्या बाजूला मी. माझ्याकडे गाडी नव्हती, लाल ॲप्रन होता. मी हायवेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. बर्फाचा एक ट्रक, बोटी ओढणाऱ्या दोन गाड्या आणि मागे रांग. ट्रकवाला खिडकीतून म्हणाला, "आजी, वेड लागलंय का?"

"हॉर्न वाजवलास तर उतरून तुझा कान धरीन. गप्प बस. एका माणसाचं सासूशी भांडण चाललंय."

ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याला ऐकायचं होतं.

ऑरिन अंगणात उभा. हातात तो शंख. सासूबाई झाडाखाली, मुलगी त्यांच्या पोटाशी. त्यानं शंख तोंडाला लावला आणि फुंकला. मी बापजन्मात असा आवाज ऐकला नव्हता; झाडावरचे बगळे उडाले. सासूबाई दचकल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. बघत राहिल्या. तोच डोळा.

आणि मग ऑरिनच्या आत काहीतरी सुटलं.

"बघता काय? निघा! चाळीस वर्षं बघतच आहात! तुमची मक्याची पेज कच्ची असायची, कच्ची! मी गिळली! माझ्या बोटीला तुम्ही परात म्हणालात, पाहुण्यांसमोर! लग्नात माझा कोट उसना होता, हे अख्ख्या चर्चला तुम्हीच सांगितलंत! माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसायचात! निघा!"

पुन्हा शंख. भांडं, फळी, हाताला येईल ते आपटत तो पुढे धावला, त्या गुडघ्यांनी. सासूबाईंनी शेपूट उभारलं आणि उडी घेतली. माझ्यापासून दहा पावलांवरून रस्ता ओलांडून पाइनच्या रानात. थांबलेल्या गाड्यांमधून टाळ्या पडल्या.

पण मुलगी राहिली. चिकूखाली, एकटी, त्याच्याकडे मान वळवून. ती त्याला भ्यालीच नव्हती. जन्मल्यापासून तिनं त्याला पाहिलेलं. ती एक पाऊल पुढे आली आणि तिनं त्याच्या रिकाम्या हाताला नाक लावलं.

आता टाळ्या बंद झाल्या. ट्रकवाला पुटपुटला, "आई गं."

"ऑरिन!" मी ओरडले. "आत्ता!"

तो वाकला. तिला काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मग ताठ झाला, शंख तिच्या थेट कानाशी नेला आणि असा फुंकला की ती हवेत उडाली, कोलमडली, उठली आणि आईच्या वाटेनं सुटली. तो मागे धावला, पाय आपटत, फुंकत, रस्त्याच्या कडेपर्यंत. तिथे थांबला. श्वास लागला होता, तोंड लालभडक.

"जा म्हटलं ना!" तो रानाकडे बघून ओरडला. "जा!"

मी ॲप्रन हलवून गाड्या सोडल्या. ट्रकवाला जाताना बर्फाची एक पिशवी ऑरिनच्या पायाशी टाकून गेला. कशाला, ते त्यालाही माहीत नसावं.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये वादळ बगल देऊन गेलं, पण समुद्र आत आला आणि रानातल्या गोड्या पाण्याच्या खळग्यांत खारं पाणी शिरलं. ऑरिननं तीन दिवस खुर्ची सोडली नाही. आपल्या अंगणात पाण्याची बादली ठेवावी असं त्याच्या मनात होतं, हे मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं. ठेवली नाही. इराइदाच्या माणसांनी आतले खळगे उपसले, तेव्हा म्हातारा त्यांच्याबरोबर गेला आणि बादल्या ओढत राहिला. आता तो आठवड्यातून एकदा तिथे जातोच. माणसांशी बोलतोही, मुख्यतः त्यांच्या चुका काढायला.

परवा आम्ही दोघं त्याच्या पायरीवर बसलो होतो. हायवेपलीकडे, पाइनच्या कडेला, सासूबाई बाहेर आल्या. मागे मुलगी, ठिपके गेलेले, चांगली भरलेली. सासूबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तीच नजर. ऑरिनचा हात शंखाकडे गेला.

त्यांनी नाक उडवलं, वळल्या आणि रानात गेल्या. मुलीनं तर आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या पाठोपाठ चालती झाली.

"बघितलंत?" ऑरिन म्हणाला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं माझं."

"आणि मुलीनं?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. गाड्या जात होत्या.

"ती गुणी आहे," तो म्हणाला. मग माझ्यापुढे टोपली सरकवली. "चिकू घ्या. संपवायचे आहेत. आणि बिया अंगणात थुंकू नका."