तेवीस हजर

फोन आला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. वेळ नक्की आठवते, कारण काही मिनिटांपूर्वीच आमच्या सरावलीच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली होती आणि मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीची जमीन इतक्यांदा हलली, की लोकांनी धक्के मोजणं सोडून दिलं. मी सोडलं नव्हतं. कॅलेंडरवर दर धक्क्याची वेळ लिहीत होते. फोन उधव्याच्या बाजूच्या पाड्यावरून होता. माझी मैत्रीण रमिला तिथल्या अंगणवाडीची सेविका, आणि बोलत होती तिची मदतनीस सोनीबाई. "बाई, ताईंच्या अंगावर भिंत आली." मी विचारलं, मुलं? "पोरां सगळी भायेर हायेत. कोणाला कायपण लागला नाय. ताईच परत आत गेल्या." परत आत का गेली, हे विचारायच्या आधीच फोन बंद पडला. मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रमिला पन्नास वर्षांची होती. आज सहा आठवडे झाले, तरी महिनाअखेर जवळ आली की मी दुपारी दोन कप चहाचं आधण ठेवते... आणि मग एक कप पाणी ओतून टाकते.

आम्ही दोघी तरुणपणी कोसबाडला बालवाडीच्या प्रशिक्षणात एकत्र होतो. मी चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातली, ती पाड्यावरची. तिथे शिकवायचे ते असं, की मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं. चिंचोके, शिंपले, पानं हेच साहित्य. पहिल्या पाठाला मी मुलांची यादी करून नेली होती. नाव, वय, आईचं नाव, सगळं रेघा मारून. मी यादी वाचेपर्यंत निम्मी मुलं पळाली होती. रमिला काहीच घेऊन गेली नव्हती. ती एका झोपडीच्या दारात बसून पळसाच्या पानाचा द्रोण लावू लागली. पाच मिनिटांत तिच्याभोवती मुलं, दोन म्हाताऱ्या आणि एक बकरी. परतताना म्हणाली, "शैले, तुझी यादी पळाली गं." पुढे माझं लग्न झालं, वाडी आणि घर यांतच मी रमले. ती अंगणवाडीत लागली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

दोन हजार चौदापासून ती दर महिन्याला माझ्याकडे येऊ लागली. डहाणूला काही काम काढायची आणि परतताना पिशवीभर नोंदवह्या घेऊन माझ्या ओटीवर बसायची. वह्या अकरा. वजनाची वेगळी, आहाराची वेगळी, हजेरीची, लसीची, गृहभेटींची. सगळ्यांतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, मगच मासिक अहवाल. ते काम मला आवडायचं, तिला अजिबात नाही. उजळणी प्रशिक्षणाला जाऊन आली की मी विचारायचे, काय शिकवलं? "वही कशी भरायची." आणि मुलांना कसं शिकवायचं? "त्याचीपण एक वही हाय." एकदा मी घड्याळ घेऊन दिवसभर तिच्या अंगणवाडीत बसले. चार तासांत मुलांशी गाणी, गोष्टी, खेळ मिळून पासष्ट मिनिटं. बाकी वेळ वजनकाटा, खिचडी आणि वह्या. मी आकडा सांगितला तेव्हा म्हणाली, "ह्या पासष्टसाठीच मी बाकीचं करते."

आता जे लिहिते आहे ते मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

पाड्यावर एक रीत होती. एखादी बाई मजुरीला निघाली, किंवा दोन दिवस माहेरी गेली आणि मूल सोबत नेलं, तर शेजारच्या पोरीबरोबर मुलाचा डबा अंगणवाडीत पाठवायची. डब्यात खिचडी भरून जायची, संध्याकाळी परतल्यावर मुलाला मिळायची. नियम असा, की आहार हजर मुलालाच. म्हणून डबा आला की रमिला त्या मुलाची हजेरी लावायची आणि खुणेच्या शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. टिंब म्हणजे डबा आलाय, मूल नाही. हजेरीपट तपासताना ती टिंबं माझ्या नजरेला पडली.

"डबा म्हणजे मूल नव्हे," मी म्हटलं.

"शैले, तुझी बेरीज बरोबर असते. पण तुझ्या बेरजेला भूक लागत नाही."

"मग गैरहजर लिही आणि वरून खिचडी दे."

"खिचडी शिजते हजेरीवर. कुठल्या पोराच्या ताटातली काढू, ते सांग."

उद्या मुख्यसेविका मॅडम तपासणीला आल्या आणि त्यांनी विचारलं, ही टिंबं कसली, तर तुझी नोकरी जाईल, असं मी तिला बजावलं. सरकारी कागदावर एक तर हजर असतं नाही तर गैरहजर, मधलं काही नसतं. असं मी तीन महिने सांगत राहिले. चौथ्या महिन्यात तिने माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच मुलीचा खोडरबर घेऊन, एकेक टिंब पुसलं. "झालं समाधान? आता सगळी हजर." पुढे तिने टिंब दिलं नाही. डबेही बंद केले नाहीत. मी पटावर बेरीज मारत राहिले. स्वच्छ पट, एक डाग नाही.

मग धक्के सुरू झाले. लोक घरं सोडून अंगणात, शेतात मांडव घालून राहू लागले. अंगणवाडी बाहेर भरवा असं सांगणं आलं, पण थंडीवाऱ्यात लहान मुलं किती वेळ उघड्यावर बसणार? ती सकाळी बाहेर आणि खाण्याच्या वेळी आत बसवायची. तिने मुलांना खेळ शिकवला. चमच्याने ताट वाजलं की सगळ्यांनी पळत सुटायचं आणि मोहाच्या झाडाला हात लावायचा. मुलं इतकी खूश, की धक्का नसतानाही ताट वाजवायला सांगायची. रमिला म्हणाली, "धरतरीनं कूस बदलली की ह्यांना सणच वाटतो. पण मोजताना माझी दमछाक होते. एकदा एकोणीस भरतात, एकदा बावीस. पोरं जागेवर राहतात कुठे!"

मी म्हटलं, "डोकी मोजू नकोस. हजेरीपट हातात घेऊनच बाहेर पड आणि एकेक नाव पुकार. पटावर जितकी, तितकी बाहेर हवीत. एक जरी कमी भरलं तरी आत बघ."

"हे बरं सांगितलंस," ती म्हणाली.

सल्ला योग्य होता. आजही कुठल्याही शाळेत मी हेच सांगेन. पण पटावरचा आकडा खरा असेल तरच... आणि तो खरा नाही, हे तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. अकरा वह्या ताडून पाहणाऱ्या बाईच्या डोक्यात एवढी एक गोष्ट आली नाही.

त्या दिवशीचं सगळं सोनीबाईने मला तेराव्याला सांगितलं. ती मागच्या पडवीत खिचडी शिजवत होती. ताट वाजलं, मुलं पळाली, रमिला पट घेऊन मागोमाग बाहेर आली. नावं पुकारली. बावीस मुलांनी ओ दिली. पटावर तेवीस हजर. राहिली रोशनी, चार वर्षांची. रोशनीला घेऊन तिची आई आदल्या दिवशीच माहेरी गेली होती, संध्याकाळी परतायची होती; सकाळी रोशनीच्या चुलतबहिणीने फक्त डबा आणला होता. सकाळचं इतक्या घाईत तिच्या लक्षात कसं राहावं? लक्षात ठेवावं लागू नये म्हणूनच तर ते टिंब असायचं. रमिलाने पट सोनीबाईच्या हातात दिला आणि आत गेली. "मी वरडले बाई, ताई, रोशनी नाय आलीय! पण पोरांचा कालवा... आणि परत हलला. मातीतली आडभिंत ती. बसली खाली."

तेराव्याला रोशनीची आईही आली होती, मुलीला कडेवर घेऊन. मला एवढंच म्हणाली, "बाई, मी डबा पाठवला नसता तर..." मी म्हटलं, तुझी चूक नाही. तिला वाटलं असेल, मी समजूत घालते आहे. मी फक्त मला माहीत होतं ते सांगत होते.

परवा सोनीबाई सरावलीला आली. तोच हजेरीपट पिशवीत. पुठ्ठ्याच्या शिवणीत अजून माती होती. "मॅडम बोलल्या, त्या महिन्याची बेरीज तेवढी करून द्या, अहवाल अडलाय." शेवटच्या दिवसाच्या रकान्यात रमिलाच्या हातच्या तेवीस खुणा. दिवसाची बेरीज ती अंगणवाडी सुटताना मारायची, म्हणून खालचा चौकोन कोरा. तेवीस लिहिलं असतं तर अकरा वह्या जुळल्या असत्या. कोणी काही विचारलं नसतं आणि माझंही नाव कुठे आलं नसतं. मी बराच वेळ पेन धरून बसले. सोनीबाई म्हणाली, "लवकर लिवा बाई, माझी जीप सुटेल."

मी बावीस लिहिलं. पानाच्या कडेला शेऱ्याचा रकाना असतो. इतक्या वर्षांत त्यात रमिलाने किंवा मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यात लिहिलं, 'रोशनी आजोळी होती. रमिलाताई तिला शोधायला आत गेल्या.'

"काय लिवलं?" सोनीबाईने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"एवढाच?"

रकाना तेवढाच होता. उरलेलं मी इथे लिहिलं आहे.