ज्या जीपनं नेलं, त्याच जीपनं आणा

शेवंताआक्का मेली त्याला आज वर्ष झालं. मी तेव्हा रडले नव्हते, आजही रडणार नाही. तिनं उठून मला हाणलं असतं.

ती माझी थोरली जाऊ. आम्ही पारधी.
हा शब्द वाचून ज्यांनी खिसा चाचपला, त्यांनी तर पुढं वाचाच.

आक्काचा बाप रोज पाटलाकडं हजेरी द्यायचा. त्यानं काही चोरलं नव्हतं. पारध्याच्या पोटी आला, एवढाच गुन्हा. इंग्रजाचा कायदाच होता तसा.
देश सुटला तेव्हा आम्ही सुटलो नाही. आमचा नंबर पाच वर्षांनी लागला.

कायदा गेला, गावाची सवय काही गेली नाही. कुणाची कोंबडी हरवली तरी जीप पहिली आमच्या गायरानातल्या वस्तीवर.

आणि आमची सवय पळायची.
जीपचा आवाज आला की गडी, बाया, पोरं, सगळी बाजरीत. मी पोटुशी असताना पळालेय.

एकदा पोलिओच्या डोसाची जीप आली. वस्ती रिकामी. सिस्टर बिचारी बर्फाचा डबा घेऊन आमच्या कुत्र्यांपुढं उभी.
त्या दिवशी आक्का म्हणाली, "आपुन पळतो म्हनून त्यान्ला वाटतं, हेच चोर. हितनं फुडं कुनी पळायचं न्हाई."
सगळे हसले. बोलायला काय जातंय, म्हणाले.

मग तात्यांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार नाहीशी झाली. तात्या म्हणजे गावातले बडे बागायतदार, ऊसवाले.
जीप आली. आक्काचा राजू तेव्हा ऐन विशीत. तो निघालाच होता, आक्कानं त्याची कॉलर धरली. बाकी वस्ती पळाली, मी सुद्धा. हे दोघं मायलेक खाटेवर बसून राहिले.

मी बाजरीतून बघत होते.
हवालदारानं राजूला दोन लावल्या. आक्कानं ना हात जोडले, ना पाय धरले. त्याला नेता तर मला बी न्या, म्हणाली, आणि त्याच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.
बाजाराचा दिवस होता. चौकात सगळ्या गावानं बघितलं.

दोन-चार दिवसांनी मोटार सापडली.
विहिरीतच. दोर तुटून तळाला गेली होती.

पोलीस म्हणाले, मोटार घावली, जा घरी. आक्का हलेना. एसटीनं जा म्हणाले, तिकिटाचे पैसे पण पुढं केले. तिनं हात लावला नाही.
"नेताना समद्या गावानं पाह्यलं. आनताना बी पाहू द्या. ज्या जीपनं नेलं, त्याच जीपनं आना."
आणि तिथंच ठाण्याच्या पायरीवर बसली. साहेब कंटाळले, बाई कंटाळली नाही. शेवटी निघाली जीप.

चौकात आक्का अशी उतरली, जशी लग्नाला आलीय. पदर नीट केला आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत वस्तीवर आली.
मला आजही ते चालणं दिसतं.

पण तात्यांनी तोंड उघडलं नाही. मोटार गुपचूप वर काढली, बसवली, उसाला पाणी सुरू.
गावानं राजूचं नाव 'मोटारवाला' पाडलं. त्याला कुणी कामाला लावेना. ऊसतोडीला गेला तर तिथल्या मुकादमाच्या कानावरही ते आधीच गेलेलं.

आक्काचं मागणं एकच. तात्यांनी चार लोकांत एकदा खरं सांगावं.
ते दिसले की ही विचारायची, तात्या, सांगितलं का? शेवगावच्या बाजारात विचारलं. एसटी स्टँडवर विचारलं. त्यांच्या लेकीच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून विचारलं. तात्या चपलेकडं बघायचे.
अशीच वर्षं गेली. लई वर्षं.

आक्का मरायच्या थोडं आधी ग्रामसभा झाली. विषय, आमची वस्ती गायरानातून उठवायची.
तात्यांचा मुलगा निवडणुकीला उभा राहणार होता, माईक त्याच्याच हातात. म्हणाला, इंग्रजांनी अन्याय केला असेल, त्यात आमचा काय दोष? किती दिवस जुनं उगाळायचं? चोऱ्या कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे. टाळ्या पडल्या.
असली भाषणं मी हल्ली नातीच्या मोबाईलवर रोज ऐकते. तोंडं वेगळी, भाषण तेच.

आक्का काठी टेकत उठली. माईक मागितला नाही.
"लेकरा, इंग्रज गेला. त्याची हजेरी तुमी चालू ठिवली. मोटार कुटं घावली, तुझ्या बापाला इचार."

पोरगा म्हणाला, आजी, विषयाला धरून बोला, बसा खाली.
ती बसली नाही. आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून तात्या उठले. थकलेत आता, दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठले.
"मोटार इहिरीतच हुती," म्हणाले. "राजूनं न्हेली नव्हती. मला म्हाईत हुतं. मी बोललो न्हाई."

पोरानं माईक खाली घेतला.

मला वाटलं, आता आक्का सुनावणार. एवढं साठवलेलं होतं.
ती म्हणाली, "बसा तात्या. गुडघं दुखतील."

राजू मागं भिंतीला टेकून उभा होता. डोकं पांढरं झालंय त्याचं. गावच्या सभेत आमचे गडी कायम भिंतीशीच उभे राहायचे. तो पुढं आला आणि आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

ठराव त्या दिवशी बारगळला. पुन्हा आणतील, ठाऊक आहे. आणू द्या. आता वस्तीतले सगळे सभेला वेळेच्या आधी जातात आणि पुढच्या खुर्च्या धरतात. जागेवरून भांडणं होतात आमच्यात.

आक्का, भावपूर्ण का काय ते लिहायला मी दुसरीच्या पुढं शिकलेली नाही.
तुझी धाकटी जाऊ म्हणून गाव मला ओळखतं. मला तेवढी ओळख पुष्कळ आहे.
नीज आता.