सरपंचबाई आणि नावाडीण

त्या रविवारी आम्ही दोघी स्कूटरवरून दुधनीच्या जलाशयावर गेलो, ते केवळ घरचे सगळे क्रिकेट बघत बसले होते म्हणून. मी सिलवासाच्या शाळेत मराठी शिकवते, मूळची रत्नागिरीकडची. ती डोकमर्डीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. माहेर धुळ्याकडचं, नोकरी सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात, पॅकिंगला. धरणाच्या पाण्यात एक टेकडी बेटासारखी वर राहिली होती. तिकडे बघत ती म्हणाली, "ताई, तिथं गाव राहिलं असतं तर कारभार कोणी पाहिला असता?"

"एखाद्या सरपंचबाईंनी," मी म्हटलं.

"मंग माझी एक नावाडीण राहील तिथं. ती तुमच्या सरपंचबाईचं काही ऐकणार नाही."

परतीच्या वाटेवर ती मागे बसून माझ्या कानाशी अखंड बोलत होती. घरी पोचेपर्यंत त्या गावाला विहीर मिळाली होती, शाळा मिळाली होती आणि मासे कसे वाटायचे यावरून पहिलं भांडणही झालं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मग रोजच्या संध्याकाळच्या फेरीत आम्ही त्या दोघींना वाढवत गेलो. माझ्या सरपंचबाईंचं म्हणणं असं की, नियम दुबळ्यांसाठी असतो. बळकटाला त्याची गरजच नसते. हे मला माझ्या वर्गाने शिकवलं होतं. मी बोलायची पाळी ठरवली नाही तर मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर तोंड उघडत नाही. नावाडीण म्हणायची, माणसांवर विश्वास टाकला की माणसं नीट वागतात, वरून कुणी हाकायला लागलं की बिघडतात. तिचा पुरावा कारखान्यातला होता. "सुपरवायझर सुट्टीवर जातो ना, त्या दिवशी आमची लाईन सगळ्यात चांगली चालते. कोणाला चक्कर आली तर शेजारची तिचं काम ओढून घेते. कोणाला सांगावं लागत नाही."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळाला बायकांची छोटी नाटिका हवी होती. आम्ही लगेच हात वर केले. गोष्ट तयारच होती: पाणी वाढतंय, होडी एकच, आधी कोणी जायचं? सरपंचबाई म्हणतात, चिठ्ठ्या टाकू, माझ्या आईलाही सूट नाही. नावाडीण म्हणते, काठावर येऊ द्या सगळ्यांना, ते आपसांत ठरवतील.

नाटिका बसवायला मंडळातले एक काका आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. तालमीत आम्ही इतक्या तावातावाने बोलायचो की, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. दोन तालमी त्यांनी पाहिल्या आणि म्हणाले, "तुम्ही नाटक करत नाही, भांडता. भूमिका बदला."

तिचा चेहरा पडला. जिन्यात ती मला म्हणाली, "तुमच्या तोंडात माझी नावाडीण मास्तरीण होऊन जाईल."

"आणि माझ्या सरपंचबाईंना तू हुकूमशहा करशील."

दुसऱ्या दिवशी मात्र शिफ्ट संपल्यावर ती थेट माझ्याकडे आली. चहा होईपर्यंतही थांबली नाही. "उभ्या राहा. नावाडीण हात जोडून बोलत नाही, कमरेवर ठेवून बोलते." मग मी तिला सरपंचबाईंचा आवाज शिकवला. आईचं नाव घेताना त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. तिने तो तिसऱ्या खेपेलाच नेमका उतरवला. ते वाक्य मीच लिहिलं होतं, पण त्या बाईला आईची चिठ्ठी निघणार नाही याची केवढी भीती असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तिळगूळ, गजरे, मराठीत गुजराती मिसळून चाललेल्या गप्पा. आम्ही उभ्या राहिलो आणि गप्पा थांबल्या. तिने आईचं वाक्य घेतलं. आता माझी पाळी होती. लिहिलेलं वाक्य होतं, "तुमचा नियम बुडेल, माणसं नाही." माझ्या तोंडून निघालं, "बाई, चिठ्ठी टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या आईला विचारलंत?"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती गडबडली नाही. सरपंचबाईंच्याच आवाजात म्हणाली, "नाही विचारलं. ती म्हणाली असती, मला शेवटी ने. आणि तू तसंच नेलं असतंस."

मी वल्हं घेतलं आणि काकांनी पडदा ओढला.

त्यानंतर जे झालं त्याला कार्यक्रम म्हणता येणार नाही. वाण लुटायचं बाजूला राहिलं आणि बायकांत दोन तट पडून वाद सुरू झाला. एक बाई म्हणाल्या, चिठ्ठीच बरोबर, आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरला हेच करावं लागतं. दुसरी म्हणाली, मग तान्हं मूल मागे राहिलं तर? कोणीतरी आम्हाला पकडून विचारलं, "तुम्हीच सांगा आता, बरोबर कोण?"

"नावाडीण," ती ताबडतोब म्हणाली. तिचं मत तसूभर हललं नव्हतं.

माझ्याकडे सगळ्या बघत होत्या. मी सरपंचबाईंचं नाव घेणार होते, पण माझे हात नावाडीणीसारखे कमरेवर होते. "थांबा जरा," मी म्हटलं, "मला सरपंचबाईंशी पुन्हा बोलावं लागेल."