लिंबाची सावली

सकाळी उन्हं वर आली की माझ्या बांधावरच्या लिंबाची सावली कुंपण ओलांडून सोलरच्या काचांवर पडते. शेजारच्यांनी सोलर कंपनीला रानं भाड्यानं दिली, तेव्हापासून ज्वारीच्या जागी नुसत्या काचाच काचा.

काल कंपनीचा साहेब झाडाखाली येऊन म्हणाला, "बाबा, या सावलीनं वीज कमी होते. लिंब तोडून टाका."

"आधी मागं सरक," मी म्हणालो. "तू उभा आहेस तिथं माझी बायको आहे."

साहेब दचकून बाजूला झाला.

हिची राख आम्ही नदीत सोडली नाही. बांधात पुरली अन् वर हा लिंब लावला. जन्मभर उघड्या रानात खुरपत राहिली बिचारी. भाकरी सोडायची तीसुद्धा उन्हात. "मेल्यावर तरी सावलीत ठेवा मला," असं हसून म्हणायची.

आमची कातडी करपली तेव्हा या उन्हाला कुणी विचारलं नाही. आता त्याची वीज व्हायला लागली, तर सावलीच गुन्हेगार ठरली. कसली ही रीत, मेल्यांनो?

आज लिंबाला दोन घागरी पाणी घातलं. एक फांदी कुंपणाच्या पार आत गेलीय. वाढू दे तिला. तुमच्या काचा सरकवा.