लायनरवरचं कुंकू

खंडेनवमीला तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. दुष्काळाचं साल होतं. पाथर्डीत आमची जुनी जीप होती आणि आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिच्या चारही चाकांसाठी ब्रेकचे, चाकाला घासून गाडी थांबवणारे, नवे लायनर आणले होते. नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही घरची रीत. कोरड्या लायनरवर कुंकू धरेना, म्हणून मी आधी गोडेतेलाचं बोट फिरवलं. मालक बसवायला आले तोवर तेल मुरलं होतं, दिसत होतं ते कुंकूच. मग मला शेजारी बसवून त्यांनी गाडी काढली. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. खाली दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया ओरडत पांगल्या. जीप खडीच्या ढिगावर चढून थांबली. तिच्यापुढे हातभर अंतरावर बाभळीला झोळी होती, आणि झोळीत बाळ झोपलेलं. मालकांनी तिथंच चाक खोललं, लायनरवर बोट फिरवून हुंगलं आणि हळूच विचारलं, "त्याल लावलं हुतंस?" मी मान डोलावली. तेवढ्यात बाळाची आई त्याला उराशी धरून आली. लायनरच्या काठावर राहिलेलं कुंकू तिला दिसलं. "पूजा केली हुती म्हून वाचलं माझं लेकरू," म्हणत ती माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले, पण खरं बोलले नाही. ते लेकरू आता पन्नाशी ओलांडलेलं असेल. आईनं त्याला ही गोष्ट कशी सांगितली असेल, हे मनात येतं आणि नातवाच्या गाडीपुढं माझं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहतं.